पेटी विकत घेऊ नका, परवाना मागा!



गेल्या रब्बीत ज्वारी हुरड्यात आली होती तेव्हाची गोष्ट. आपल्या जिल्ह्यातल्या एका आठवडे बाजारात, बैलबाजाराच्या कडेला, एक इसम लोखंडी पेटी घेऊन बसला होता. पेटीवर घोंगडे टाकलेले. ओळखीच्या माणसाने खूण केली की घोंगडे बाजूला होई. आत पितळेची रिकामी काडतुसे, काडतुसाला टोपी बसवायचे हातयंत्र, दारू मोजायचे माप, छर्ऱ्यांची पिशवी आणि भरलेल्या काडतुसाचे तोंड वळवून बंद करायची फिरकी. कुठल्याशा वाड्याच्या माळ्यावरून निघालेले, शिकारीच्या जमान्यातले सामान. भाव शेळीच्या करडापेक्षा कमी. आणि वर शब्द असा, की एकदा घेऊन ठेवा, पुन्हा काडतुसासाठी कुणाच्या दारात उभे राहायला नको, डुकरे तुमच्या बांधाला फिरकणार नाहीत.

आमच्या बैठकीला आलेल्या तिघांनी हा प्रश्न काढला. घ्यावी का ती पेटी? त्यातल्या एकाने तर इसार देऊन ठेवला होता.

आमचे उत्तर एका शब्दाचे आहे. घेऊ नका. पण 'घेऊ नका' एवढे सांगून हात झटकायला आम्ही काही पोलीस पाटील नव्हे. ही पेटी घ्यावीशी का वाटते, ती घेतल्याने काय ओढवते, आणि पेटीवाल्याकडे न जाता कुणाच्या दारात जायचे, हे तिन्ही मांडल्याशिवाय हे पान पुरे व्हायचे नाही.

पेटी घ्यावीशी का वाटते?

पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पारनेर. जिरायत रानाचा हा पट्टा. पाऊस आला तर कपाशी, ओल टिकली तर ज्वारी. कपाशीचे कोवळे शेंडे हरणांचे कळप खुडून जातात. ज्वारी निसवली की पाखरे, दाण्यात चीक भरला की रानडुकरे. डुक्कर खाते थोडे आणि लोळून, तुडवून नासते फार. मालदांडी ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये. एका रात्रीत दोन क्विंटलाचे रान आडवे झाले तर ७,४९८ रुपये मातीत गेले, आणि कडबा गेला तो वेगळाच. हमीभाव तरी हातात पडतो कुठे? म्हणजे आधी बाजार लुटतो, आणि बाजाराला न्यायच्या आधी रान लुटले जाते.

राखण करून करून माणूस थकला. माळा बांधला, गोफण फिरवली, पत्र्याचे डबे वाजवले, फटाके उडवले, बायकांच्या जुन्या साड्या बांधाभोवती गुंडाळून झाल्या. चार दिवस जनावर बिचकते, पाचव्या दिवशी त्याच साडीखालून आत येते. त्यात पाथर्डी तालुक्यात २०२० साली बिबट्याने लहान लेकरे उचलून मारली. तेव्हापासून रात्री रानात एकटे जायचे म्हटले की घरची बाई दार धरून उभी राहते.

या हतबलतेवर धंदा करणारे पुष्कळ आहेत. कुणी कुंपणात वीज सोडायला शिकवतो. त्या तारेला डुकराआधी शेजाऱ्याचा पोरगा चिकटतो, आणि शेतकरी सदोष मनुष्यवधाचा आरोपी होतो. कुणी पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब भरून देतो. तो डुकराने खाण्याआधी आपलीच गाय खाते. आता हा पेटीवाला त्याच रांगेत येऊन बसला आहे.

पेटीत काय आहे? कायद्याच्या भाषेत, काडतूस आहे

पेटीवाला सांगतो, 'बंदूक थोडीच विकतोय? नुसते लोखंड-पितळ आहे.' भावांनो, हे साफ खोटे आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये दारूगोळ्याची व्याख्या दुसऱ्या कलमात आहे. त्या व्याख्येत भरलेले काडतूस येतेच, शिवाय दारूगोळ्याचे सुटे भाग येतात आणि दारूगोळा तयार करायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे टोपी बसवायचे ते हातयंत्र कायद्याच्या नजरेत लोखंड राहत नाही. ते काडतुसाच्या पंगतीला बसते. कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा घेणे आणि घरात ठेवणे गुन्हा आहे. आणि एकदा त्या यंत्राने काडतूस भरले, की प्रकरण नुसते जवळ बाळगण्यावर थांबत नाही. विनापरवाना दारूगोळा तयार केला असे होते, आणि त्याला कलम ५ आणि कलम २५ लागते. २०१९ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. विनापरवाना बाळगल्याची शिक्षा दोन ते पाच वर्षे झाली. विनापरवाना तयार करणे आणि विकणे याची शिक्षा कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप झाली.

करडाच्या भावात सात वर्षे. सौदा असा आहे.

बंदुकीचा परवाना असला तरी तो बंदुकीचा आणि त्यावर नमूद केलेल्या काडतुसांचा परवाना आहे. काडतूस कारखाना काढायचा तो परवाना नव्हे. 'माझ्याकडे लायसन आहे, मला काय होतंय' असे म्हणणाऱ्यांनी आपला परवाना आज रात्री दिव्याखाली धरून पुन्हा वाचावा.

कायदा बाजूला ठेवला तरी पेटी घेण्यासारखी नाही. चाळीस-पन्नास वर्षे माळ्यावर गंजलेले माप काय मोजणार? काळी दारू वेगळी, कारखान्यातली बिनधुराची दारू वेगळी, दोन्हींचा जोर वेगळा. बाजारात मिळते ती तिसरीच, फटाक्यातली किंवा विहिरीच्या सुरुंगातून चोरलेली. तिचा जोर किती हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. पितळेचे काडतूस दहादा भरले की त्याला बारीक तडा जातो, तो डोळ्याला दिसत नाही. बंदूक खांद्याला लावली की नळी तोंडाजवळ असते. फुटली तर डुक्कर पळून जाते आणि डोळा आपला जातो. दवाखान्यात नेले की डॉक्टरला पोलिसांना कळवावेच लागते. म्हणजे हात गेला, आणि उरलेल्या हाताला बेडी.

कुणी म्हणेल, अमेरिकेत लोक घरच्या घरी काडतुसे भरतात, जुनी यंत्रे राजरोस विकली-घेतली जातात. खरे आहे. स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला तिथल्या केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही. पण तिथे दारू कारखान्याच्या शिक्क्याने दुकानात मिळते, कुठल्या दारूचे किती माप याची छापील पुस्तके मिळतात, यंत्राचा सुटा भाग मिळतो. त्यामुळे तिथला माणूस जुने यंत्र घेतो तेव्हा त्याच्या मागे उभी व्यवस्था घेतो. आपल्याला त्या पेटीवाल्याचे घोंगडेसुद्धा मिळणार नाही.

खारे कर्जुन्याचे पितळ

या बाबतीत नगर जिल्ह्याने दुसऱ्या कुणाकडून शिकायची गरज नाही. १९४८ पासून चिलखती दलाचे केंद्र आपल्या नगरला आहे, आणि खारे कर्जुने गावाच्या नावावरून ओळखला जाणारा के. के. रेंज हा रणगाड्यांच्या गोळीबाराचा सराव करायचा माळ आहे. नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांतली कितीतरी गावे त्या माळाच्या वाढीच्या टांगत्या तलवारीखाली वर्षानुवर्षे जगत आली. त्या माळावर पडलेले पितळ आणि लोखंड भंगारात विकून पोट भरायला गेलेली माणसे न फुटलेल्या गोळ्याने फुटून मेल्याच्या बातम्या आपण किती वेळा वाचल्या? मेलेला माणूस चोर ठरतो, भंगाराचा व्यापारी शेट राहतो. जमीन गेली, पीक पिकत नाही, म्हणून माणूस मरणाच्या माळावर पितळ वेचतो. त्या पितळाचा धडा आणि या पेटीचा धडा एकच आहे. दारूगोळ्याच्या धंद्यात नफा दुसऱ्याचा असतो, जीव गरिबाचा.

मग हत्यार शेतकऱ्याच्या हातात नकोच का?

इथे शहरातले शहाणे टाळी वाजवतील. 'बरोबर, शेतकऱ्याला कशाला हवी बंदूक?' त्यांनी टाळी वाजवायची घाई करू नये. आमचे म्हणणे पुढे आहे.

हत्यार कायदा कुठून आला ते पाहा. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकरी सावकारांवर उठले. सावकारांची खाती आणि कर्जरोखे त्यांनी जाळले. इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला. तीन वर्षांनी, १८७८ साली, हत्यारबंदीचा कायदा साऱ्या देशाला लागू झाला. त्या कायद्यातून गोरा साहेब मोकळा होता, शेतात राबणारा रयत बांधलेला होता. दंग्यामुळेच कायदा झाला असे आम्ही म्हणत नाही. पण कुणाच्या हातात हत्यार असलेले सरकारला परवडते आणि कुणाच्या हातात नाही, हे त्यातून उघड झाले. गांधीजींसारख्या अहिंसेच्या माणसानेही १९१८ साली या कायद्याला इंग्रजी राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत धरले होते. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांना धरून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला होता.

स्वराज्य आले. १९५९ साली नवा कायदा आला. आणि या नव्या कायद्यात शेतकऱ्यासाठी एक कलम खरेच घातले गेले. ते कुणी आपल्याला वाचून दाखवले नाही, म्हणून आम्ही इथे सांगतो.

कलम १३, पोटकलम ३. नागरिकाला पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर परवाना देणारा अधिकारी परवाना देईल. 'देऊ शकेल' नव्हे, 'देईल'. ठासणीची बंदूक राखणीला पुरी पडत नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही त्याला देता येते.

कलम १४ म्हणते, कायद्याने अपात्र माणसाला किंवा सार्वजनिक शांततेला धोका असेल तर परवाना नाकारता येतो. ते योग्यच आहे. पण त्याच कलमात असेही आहे, की अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. मागितल्यावर ती थोडक्यात कळवावी लागतात, अपवाद फक्त सार्वजनिक हिताच्या सबबीचा. नकारावर कलम १८ प्रमाणे अपील आहे. पोलीस ठाण्याचा अहवाल ठरल्या मुदतीत आला नाही तर त्याची वाट न पाहता हुकूम करण्याची मुभाही कलम १३ अधिकाऱ्याला देते.

आता सांगा, आपल्या गावात पीकराखणीच्या बंदुकीचे परवाने किती? आणि नुसत्या मिरवायच्या बंदुकांचे किती? लग्नाच्या वरातीत आभाळात बार काढणाऱ्यांना परवाना मिळतो. कंबरेला पिस्तूल लावून बाजार समितीत फिरणाऱ्यांना मिळतो. बांधावर रात्र काढणाऱ्याला 'तुला कशाला हवी?' हा प्रश्न मिळतो. कोकणात, सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे, शेतीसंरक्षणाच्या बंदुकांचे परवाने पूर्वीपासून आहेत. तिथेही निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा करा असा हुकूम निघतो. माकड आणि डुक्कर आचारसंहिता पाळत नाहीत, हे कुणी त्या कचेरीला सांगावे.

काडतुसाचे तेच. बारा बोअरचे 'शक्तिमान' काडतूस पुण्याच्या खडकीच्या सरकारी कारखान्यात बनते. नगरहून पुणे किती लांब? पण तालुक्याच्या गावी परवानाधारक शेतकऱ्याला ते सहज मिळत नाही, म्हणून पेटीवाल्याचे फावते. कायदेशीर वाट झुडपांनी बुजली की चोरवाटेला गिऱ्हाईक मिळते. आपल्याकडे म्हणतात ना, आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना. सरकार राखण करीना, आणि राखणीचे साधन हातात देईना.

बंदूक आली म्हणजे शिकार आली असे नव्हे

एक गोष्ट खरीखरी सांगितली पाहिजे. बंदुकीचा परवाना मिळाला म्हणजे जनावर मारायचा परवाना मिळाला असे नाही. आभाळात बार काढून जनावर पिटाळणे वेगळे, मारणे वेगळे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. पिकाचे नुकसान केले म्हणून त्याला मारायची परवानगी मिळत नाही. राजस्थानात १९९८ साली झालेल्या काळवीट शिकारीच्या खटल्यात सलमान खानला २०१८ साली पाच वर्षांची शिक्षा झाली आणि दोन दिवसांत जामीन मिळाला. तुम्हाला-आम्हाला दोन दिवसांत जामीन कोण देणार?

आणि काळवीट मरावे अशी आमची इच्छाही नाही. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. क्षेत्र सव्वादोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही. हरणाला सरकारी नकाशा वाचता येत नाही. अभयारण्य सरकारचे, पण चराई आमच्या कपाशीत. त्याआधी १९७९ साली माळढोकासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर जमीन अभयारण्यात घातली, त्यात कर्जत, श्रीगोंदा, नेवासे तालुक्यांतली गावे होती. शेतकऱ्यांच्या जमिनींचे व्यवहार वर्षानुवर्षे अडले. पुढे क्षेत्र कमी केले, पण तोवर माळढोकच दिसेनासा झाला. पक्षी वाचला नाही, शेतकरीही वाचला नाही. देशाला हरीण हवे असेल तर देशाने त्याच्या वैरणीचे पैसे मोजावेत. जनावर साऱ्या देशाचे आणि खावटी एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याची, हा कुठला न्याय?

रानडुकराची गोष्ट वेगळी आहे. ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोकादायक झालेल्या अशा जनावराला मारायची परवानगी वनखात्याचा अधिकृत अधिकारी देऊ शकतो. केरळ सरकारने २०२२ साली हा अधिकार गावपातळीवर, स्थानिक संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेला. २०१५-१६ मध्ये केंद्राने बिहारात रानडुक्कर आणि नीलगाय, उत्तराखंडात रानडुक्कर ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर केले. आणि मग काय झाले? बिहारात नीलगायी मारायला बाहेरून नेमबाज बोलवावे लागले. शेतकऱ्याच्या हातात परवान्याची बंदूक नसेल तर परवानगीचा कागद भिंतीला चिकटवायच्या कामाचा.

'बियाणे चालते, मग काडतूस का नाही?'

बैठकीत एका तरुणाने आम्हाला पेचात पकडले. तो म्हणाला, '२०१९ साली अकोला जिल्ह्यात अकोली जहागीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी मनाई असलेले तणनाशक-सहनशील कपाशीचे बियाणे जाहीरपणे पेरले. तेव्हा तुम्ही शाबास म्हणालात. मग काडतुसाच्या बाबतीत कायद्याची भीती का दाखवता?'

प्रश्न रास्त आहे. उत्तर देतो. अकोलीला जे झाले ते दिवसाढवळ्या, हजारोंच्या साक्षीने, तारीख सांगून झाले. कायदा मोडणारा स्वतःचे नाव सांगून पुढे आला. त्या बियाण्याने शेजाऱ्याचा डोळा जात नाही. सविनय कायदेभंग तो हाच. पेटी घोंगड्याखालून विकत घेऊन रात्री गोठ्यात काडतूस भरणे हा कायदेभंग नव्हे, ही चोरी. त्यातून एकाही शेतकऱ्याला परवाना मिळत नाही. उलट पहिला अपघात झाला की सरकारला निमित्त मिळते, 'बघा, यांच्या हातात हत्यार द्यायच्या लायकीचे हे नाहीत'. ज्याने काडतूस भरले तो तुरुंगात जातो आणि ज्याने अर्ज केला होता त्याचाही अर्ज फेटाळला जातो.

आंदोलनाचे हत्यार उजेडात चालते. अंधारात चालते ते आपल्याच पायावर.

आता करायचे काय?

एक. ज्याने त्या पेटीवाल्याला इसार दिला असेल त्याने तो गेला असे समजावे. गेला तेवढा स्वस्तात गेला.

दोन. कुणाच्या वाड्यात, माळ्यावर आजोबा-पणजोबांची बंदूक, काडतुसे किंवा असली पेटी असेल तर ती लपवू नका, विकू नका, आणि 'चालते का बघू' म्हणून हात तर मुळीच लावू नका. चार शहाणी माणसे आणि वकील बरोबर घेऊन ती ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. कलम २१ मध्ये तशी तरतूद आहे. पावतीशिवाय परत फिरू नका.

तीन. जुनी बंदूक विकत घ्यायचीच असेल तर कायद्याने वाट ठेवली आहे. घेणाऱ्याकडे आधी परवाना हवा. विकणाऱ्याने कलम ५ प्रमाणे जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचे, आणि त्यानंतर ४५ दिवस गेल्याशिवाय बंदूक हातात द्यायची नाही. बाजारात उभ्याउभ्या सौदा करतो तो मनुष्य तुमचा नव्हे. कागद नाही तर सौदा नाही. बैल घेताना आपण दात पाहतो, बंदूक घेताना कागद पाहायचा. आणि कागद ठीक निघाला तरी परवानाधारक कारागिराला नळी दाखवल्याशिवाय बार काढायचा नाही.

चार. पीकराखणीच्या परवान्यासाठी अर्ज करा. एकेकट्याने जाऊ नका, गावचे दहा-वीस मिळून जा. अर्जाबरोबर सातबारा, पीकपेऱ्याची नोंद आणि वनखात्याने केलेल्या नुकसानीच्या पंचनाम्याची प्रत जोडा. अर्जात कलम १३ चा स्पष्ट उल्लेख करा. पोच घ्या. नकार आला तर कारणे लेखी मागा आणि अपील करा. तोंडी नकार हा नकार नव्हे.

पाच. नुकसान झाले की पंचनामा झालाच पाहिजे. 'थोडेच नुकसान आहे, जाऊ दे' असे म्हणू नका. आज न झालेला पंचनामा म्हणजे उद्याच्या अर्जातला फाटका कागद. जंगली जनावरांनी केलेले नुकसान २०२६ च्या खरिपापासून पीक विम्याच्या जादा संरक्षणात घेण्याची घोषणा केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली. त्यासाठी जनावरांची आणि जिल्ह्यांची यादी राज्याने काढायची आहे, आणि नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचे आहे. आपला जिल्हा त्या यादीत आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात लेखी विचारा.

आमच्या मागण्या

पीकराखणीच्या बंदुकीच्या अर्जांचा तालुकावार हिशेब जिल्हादंडाधिकाऱ्यांनी जाहीर करावा. आले किती, दिले किती, नाकारले किती आणि का.

परवानाधारक शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीची दारू, टोप्या आणि बारा बोअरची काडतुसे तालुक्याच्या ठिकाणी, परवान्यावरच्या मर्यादेत, सरकारी भावाने मिळावीत. ज्या दिवशी हे होईल त्या दिवशी पेटीवाला आपोआप उठून जाईल, त्याला पकडायला पोलीस लागणार नाहीत.

रानडुकराच्या बाबतीत कलम ११ ची परवानगी गावपातळीवर आणि वेळेत मिळावी. हुरड्यातल्या ज्वारीचा अर्ज कडब्याच्या गंजीनंतर मंजूर करणे म्हणजे थट्टा आहे.

हरणांनी खाल्लेल्या पिकाची भरपाई बाजारभावाने आणि कडब्यासकट मिळावी. देश हरीण पाळतो, तर वैरण देशाने घालावी.

आणि शेवटी, निवडणुकीत सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करू नयेत. ज्याच्याविरुद्ध काही आहे त्याची घ्या, जो पीक राखतो त्याची ठेवा.

जिल्हा बैठकीत हे पान प्रत्येक गावाच्या प्रतिनिधीने वाचून दाखवावे. वाचून झाल्यावर प्रत्येक गावाने आपल्या अर्जदारांची यादी तिथेच द्यावी. आम्ही ती यादी घेऊन कचेरीच्या पायरीवर बसणार आहोत. एकट्या शेतकऱ्याचा अर्ज टेबलाखाली जातो. पाचशे शेतकऱ्यांचे अर्ज ठेवायला टेबल पुरत नाही.

पेटी नको, परवाना हवा! चोरवाट नको, हक्काची वाट हवी!